सातव्या दिवसाचं पान

पारायणाला बसल्यावर अध्याय पुरा होईपर्यंत आसनावरून उठायचं नाही, हा नियम मी पाळला आणि त्याचा मला आजही पस्तावा होतो. ही हकिगत मला तिथूनच सांगायला हवी. कृपेच्या गोष्टी सांगताना माणसं आपली चूक शेवटी सांगतात, नाहीतर सांगतच नाहीत. मला ती आधीच सांगून मोकळं व्हायचं आहे.

कुवेतमध्ये, सलवा भागात, आम्ही एकोणीस वर्षं राहतो. तेलाच्या कामातल्या एका कंपनीत मी कागदपत्रं सांभाळते. कोणता नकाशा जुना, कोणता नवा, सही कुणाची राहिली, हे बघणं माझं काम आणि खरं सांगायचं तर माझा स्वभावही. नवरा म्हणतो की मला देव भेटला तर मी आधी त्याची सही तपासून बघेन. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची दत्ताची पोथी लाल फडक्यात बांधून माझ्याकडे आली. बायकांनी ती वाचावी की नाही यावर नातेवाइकांत दोन तट होते, पण सासूबाईंनी जन्मभर वाचली होती आणि मरताना माझ्याकडून वचन घेतलं होतं. विश्वास असा फारसा नव्हता. वचन होतं आणि नियमांची यादी होती. मला यादी आवडली. सात दिवस चटईवर झोपायचं, बाहेरचं खायचं नाही, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, आणि सातव्या दिवशी सांगतेला दुपारी बारा वाजता एक पान जास्तीचं वाढायचं. दत्त माध्यान्हीला भिक्षेला येतो. त्या वेळी दारात जो येईल त्याला जात-गोत न विचारता जेवायला बसवायचं. सासूबाईंच्या पानावर कधी पोस्टमन जेवला होता, कधी भंगारवाला.

तीन वर्षांपूर्वी रमजान संपत आला असताना मी सुट्टी काढून पारायणाला बसले. दुसऱ्याच दिवशी सुदानच्या राजधानीत लढाई सुरू झाली आणि माझा थोरला भाऊ तिथे होता.

आमचा दादा सांगलीकडच्या साखर कारखान्यातला माणूस. उकळत्या पाकाचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन, उजेडात धरून, दाणा धरला की नाही हे सांगायचा. निवृत्त झाल्यावर तिकडच्या एका साखर कारखान्याने त्याला बोलावून घेतलं. चार वर्षं झाली, करार संपला, आणि मुलीच्या लग्नासाठी घरी परतायला म्हणून तो खार्तूमला आला. पासपोर्टवर एक शिक्का राहिला होता, तेवढा मिळाला की विमान. कंपनीची जागा विमानतळाच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर. त्या फ्लॅटमध्ये तो एकटाच होता.

एकाच देशाच्या दोन फौजा एकमेकींवर उलटल्या होत्या. त्यांच्यात कोण खरं आणि कोण खोटं हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि आज मी त्यावर बोलणार नाही. दादाने फोनवर सांगितलं ते असं. सकाळी भाकरी आणायला निघालेला शेजारी जिन्यातूनच परत फिरला. काचा फुटल्या, म्हणून दादाने गादी न्हाणीघरात नेली, कारण तिथे खिडकी नव्हती. रस्त्यावर गाड्या जळत होत्या. वीज पहिल्या दिवशी गेली आणि पाणी दुसऱ्या. मोटारीच्या जुन्या बॅटरीवर शेजारी सगळ्या इमारतीचे फोन आळीपाळीने लावत होता आणि नेटवर्क दुपारी थोडा वेळ यायचं. जिन्यात एक सैनिक येऊन बसला होता. तिशीचा असेल, पायात काच घुसलेली. दादाने ती चिमट्याने काढली, टॉवेल फाडून बांधला आणि आपल्या दीड बाटलीतलं अर्धी बाटली पाणी त्याला दिलं. सैनिकाने विचारलं, तू कुठल्या बाजूचा? दादा मोडक्या अरबीत म्हणाला, मी साखरेच्या बाजूचा. तो हसला म्हणे. संध्याकाळी त्याला न्यायला कुणीतरी आलं आणि तो गेला. तो कुणाचा सैनिक होता हे दादाने विचारलंच नव्हतं. मला त्या अर्ध्या बाटलीचा राग आला होता, हे लपवून काय उपयोग.

दादाचा सूर मात्र असा, की जणू कारखान्यात बॉयलर बंद पडलाय. “मला काय झालेलं नाही गं. पाण्याचे तेवढे वांदे आहेत.” इकडे माझा जीव टांगणीला. नवरा वकिलातीच्या नंबरावर फोन करत होता, याद्यांत नाव घालत होता. माझ्या मुलीने फोनवर तिथला नकाशा उघडून ठेवला होता आणि मी काही विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, हळू आवाजात. मी पोथी वाचत होते. ओव्या डोळ्यांखालून जात होत्या, अर्थ कुठेच लागत नव्हता. पण आता पारायण मोडलं तर दादाचं काही बरंवाईट होईल ही भीती मनात बसली होती. भक्ती नव्हती, करारातलं कलम मोडू नये, तशी ती भीती होती.

चौथ्या दिवशी दुपारी मी अध्यायाच्या मध्यावर असताना फोन वाजला. समोर चौरंगाशेजारीच होता. दादाचं नाव दिसत होतं. मी बोट ओवीवर ठेवलं आणि वाचत राहिले. मनात म्हटलं, वीसएक ओव्या राहिल्यात, मग लावते. फोन वाजून वाजून थांबला. अध्याय संपवून मी लावला तेव्हा तो बंद होता. त्यानंतर त्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले हे मला नीट आठवत नाही. नवऱ्याला मी सांगितलंच नाही. त्याने विचारलं असतं, का नाही उचललास, आणि माझ्याकडे असलेलं उत्तर तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं. देवाची आणि माझी ओळख जेमतेम वर्षाची. भाऊ जन्मापासूनचा, ज्याने मला सायकलवर बसवून शाळेत सोडलं. आणि मी त्याला ओव्या मोजत थांबवून ठेवलं. वाचन मात्र मी सोडलं नाही. थांबले तर करायला दुसरं काही उरत नव्हतं.

सातवा दिवस म्हणजे त्या रमजानचा शेवटचा रोजा. पहाटे उठून स्वयंपाक केला, दत्ताला आवडते म्हणून घेवड्याची भाजी, पुरण, भात, वरण. इथे आयत्या वेळी दारात कोण येणार, म्हणून पान फरवानिया भागातल्या एका मराठी जोडप्यासाठी होतं. सकाळी त्यांचा निरोप आला की मुलीला ताप आहे, येत नाही. मग पान वाढून तसंच चौरंगासमोर मांडून ठेवलं. शेवटचा अध्याय सुरू केला आणि बाराच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली. दार नवऱ्याने उघडलं. इमारतीच्या देखभालीकडून एसी साफ करायला माणूस आला होता. आठवडाभर आम्ही त्याची वाट बघत होतो, आणि तो नेमका आत्ता आला. उंच, सावळा, पन्नाशी ओलांडलेला, हातात छोटी शिडी. नवऱ्याने त्याला खुणेनेच आवाज करू नका म्हणून सांगितलं. तोही मान हलवून शिडीवर चढला आणि जाळी काढू लागला.

तेवढ्यात फोन वाजला. दादा.

मी उठले. बोट ओवीवरून काढलं, पोथी उघडी टाकली आणि उठले. पारायण मोडलं.

दादाचा आवाज लाकडासारखा कोरडा झाला होता. पाणी काल सकाळी संपलं होतं. शेजारी कुटुंब घेऊन निघून गेला होता, इमारतीत आता तो आणि तळमजल्यावरचा एक म्हातारा. तीन दिवस नेटवर्क आलंच नव्हतं, आणि फोनमध्ये आता थोडीच बॅटरी होती. मी त्याला खुणा विचारत होते आणि ऐकू येत नसल्यासारख्या मोठ्याने परत उच्चारत होते, म्हणजे नवऱ्याला लिहून घेता येतील: निळ्या दाराची फार्मसी, तिच्यासमोरची पिवळी इमारत, मागे लहान मशीद, तिचा मिनार अर्धा बांधलेला. चौथ्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी, असं मी सुरू केलं आणि फोन तुटला. मी जमिनीवर बसून रडले. परक्या माणसादेखत रडायची मला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

शिडीवरचा माणूस खाली उतरला होता. हातातली जाळी त्याने वर्तमानपत्रावर ठेवली आणि मराठीत बोलला.

“ताई, तू रडू नको. तुझा भाऊ खार्तूमला आहे? ती मशीद मला माहीत आहे.”

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. त्याचं नाव इद्रिस. सुदानचा. तरुणपणी पुण्यात चार वर्षं शिकायला होता. तिकडची पुष्कळ मुलं तेव्हा पुण्यात शिकत. मराठी त्याला घरमालकिणीने शिकवली. ती त्याला अरे-तुरे करायची, म्हणून त्याच्या मराठीत सगळं जग ‘तू’ आहे, आमच्या इमारतीचा मालकसुद्धा. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा त्याने एवढंच सांगितलं की त्याची थोरली बहीण आमना त्याच शहरात, तिथून पायी तासाभरावर राहते, आणि विचारून बघतो की त्या बाजूला कुणी आहे का. तो गॅलरीत गेला, अरबीत बोलला. एकदा तो गप्प झाला, बराच वेळ नुसता ऐकत होता. परत आला तेव्हा म्हणाला, कुणीतरी जाईल.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की बारा वाजून गेलेत, पान वाढलेलं आहे आणि दारात पाहुणा आलेला आहे. मी डोळे पुसले, पाट सरकवला आणि म्हटलं, बसा, आधी जेवा. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. एकोणीस वर्षं या देशात राहून, शेवटच्या रोज्याच्या भर दुपारी, उपाशी माणसाच्या पुढ्यात मी घेवड्याची भाजी आणि पुरण ठेवत होते. इद्रिस हसला नाही. पानाकडे बघून म्हणाला, पुण्याची घरमालकीण असंच वाढायची. मग म्हणाला, डब्यात दे, सूर्य बुडाल्यावर खाईन. मी सगळं पान जसंच्या तसं डब्यात भरलं. दत्त भिक्षा झोळीत घेऊन जातो, पानावर बसत नाही, हे सासूबाई सांगायच्या. मला ते त्या वेळी आठवलं नाही, भांडी घासताना आठवलं. पोथीचा अध्याय मी मग दुपारी वाचून संपवला. पारायण झालं की मोडलं, याचा हिशोब लावायची इच्छा नव्हती.

पुढचं दादाने घरी परतल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी ईद. सकाळी गोळीबार जरा कमी झाल्यावर खालून कुणीतरी ‘सुक्कर, सुक्कर’ अशी हाक मारत होतं. साखरेच्या कारखान्यातला माणूस एवढीच ओळख पुढे गेली होती. खाली गाढवगाडी होती, तिच्यावर पाण्याचं पिंप आणि एक जाडसर, साठीतली बाई, नखशिखांत पांढऱ्या वस्त्रात, मांडीवर पत्र्याची पेटी. ती आमना. ती सुईण आहे. जळणाऱ्या शहरातही बाळंतपणं थांबत नाहीत, म्हणून दोन्ही फौजांचे लोक तिला जाऊ देत. तिने आधी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याला पाणी पाजलं, मग दादाला, तेही घोट घोट, हातातून भांडं काढून घेत. म्हातारा हलायला तयार नव्हता, त्याच्याजवळ तिने घागर भरून ठेवली. दादाच्या हातात पेटी दिली आणि त्याला गाडीवर बसवलं. वाटेत तीन ठिकाणी अडवलं. एका ठिकाणी सैनिकाने पेटी उघडली. आत कात्री, दोरा, साबण, पांढरी फडकी. त्याने ती बंद केली आणि बंदूक खांद्यावर ठेवूनच तिला विचारलं की आठव्या महिन्यात पोटातलं मूल दोन दिवस हललं नाही तर काय समजायचं. त्याची बायको गावी होती, तिचा शेवटचा निरोप तेवढाच होता, आणि आता फोन लागत नव्हता. आमना गाडीवरून उतरली आणि त्याच्याशी बोलत राहिली. दादाला सगळं कळलं नाही. पण ती परत चढली तेव्हा तो सैनिक भिंतीकडे तोंड करून उभा होता, असं दादा म्हणतो.

चार दिवस दादा तिच्या घरी राहिला. अंगणात त्याच्यासाठी दोरीची खाट टाकली होती. दिवसभर बायका येत, तिच्याजवळ बसत, फार बोलत नसत, जात. ईदच्या भेटीला येत असतील असं त्याला वाटलं. पाचव्या दिवशी तिने त्याला भारतीय लोकांची बस सुटणार होती तिथवर नेऊन सोडलं. मग बंदर, जहाज, जेद्दा, मुंबई. मुलीच्या लग्नात दादा उभा होता, अंगरखा त्याला ढगळ होत होता. चौथ्या दिवशीचा फोन मी का उचलला नाही हे मी त्याला मांडवातच सांगितलं. तो म्हणाला, “त्या दिवशी मी नुसता वेळ जात नव्हता म्हणून लावला होता.” ते खरं की माझ्यासाठी रचलेलं, हे मी विचारलं नाही.

कुवेतला परत आल्यावर मी इद्रिसभाईला घरी बोलावलं, संध्याकाळचं. आमनाताईला काय पाठवू, असं विचारत होते. दादा तिला ‘पांढऱ्या कपड्यातली नर्स’ म्हणतो हेही मी हसत सांगितलं. इद्रिसभाईने चहाचा पेला खाली ठेवला. तो पांढरा वेश नर्सचा नव्हता. लढाईच्या तिसऱ्या दिवशी आमनाचा नवरा भाकरी आणायला गेला आणि रांगेत उभा असताना तोफगोळा पडला. त्यांच्यात नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. अंगणातल्या त्या बायका समाचाराला येत होत्या. आणि जो माणूस आमच्या घरी शिडीवर चढून मुकाट्याने जाळी धूत होता, त्याला मेहुणा गेल्याची बातमी येऊन तीनच दिवस झाले होते.

 मी विचारलं, तुम्ही तिला जायला कसं सांगितलंत?

“मी नाही सांगितलं, ताई. मी म्हणालो, कुणी शेजारी पाठव. ती म्हणाली, घरात बसायचा नियम माझ्यासाठी आहे, तहानलेल्यासाठी नाही.”

मी आतल्या खोलीत जाऊन पोथीसमोर बसले. हातही जोडले नाहीत, नुसती बसले. वीस ओव्यांसाठी मी भावाचा फोन वाजू दिला होता. आणि ती, नवऱ्याच्या कबरीची माती अजून ओली असताना, एका अनोळखी माणसासाठी उंबरा ओलांडून गेली होती, आणि ते बाळंतपणासारखंच आपलं रोजचं काम असल्यासारखं. नियम खोटे आहेत असं मला वाटत नाही. मी आजही ते पाळते, आमनाही पाळत असणार. बसवर सोडून आल्यावर ती परत घरात जाऊन बसली होती. पण नियम कुणापुढे बाजूला ठेवायचा हे ज्याला कळतं तो देवाचा माणूस, आणि मला ते तोवर कळलेलं नव्हतं. दत्ताने माझ्या दाराशी माणूस पाठवला असं मी म्हणते, पण दुसऱ्याने मानावं असा आग्रह नाही. एवढं मात्र म्हणते, की ज्या घडीला मी पारायण हातातून सोडलं त्या घडीला सूत्रं माझ्या हातात उरली नव्हती, आणि त्याच घडीला काम झालं.

दादाला बसवर सोडून आल्याचा आमनाचा निरोप शेवटचा ठरला, त्यानंतर तिचा फोन लागलाच नाही. घर लुटलं गेलं, पेटी गेली, एवढं काही महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं. ती कुठे गेली हे कुणाला माहीत नव्हतं. माझ्या भावासाठी देशाने जहाज पाठवलं होतं. तिच्यासाठी कुणी पाठवणार नव्हतं. पुढच्या रमजानात मी पुन्हा पारायणाला बसले, या वेळी तिच्यासाठी. संकल्प सांगायला पुण्याचे एक गुरुजी फोनवर होते. कुणासाठी, त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं: आमना. गुरुजींनी गोत्र विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, असं आपल्यात म्हणतातच. गुरुजी थोडं थांबले, आणि मग त्यांनी स्वच्छ आवाजात म्हटलं, काश्यपगोत्रोत्पन्ना आमना. सातव्या दिवसाचं पान मी बाराला दत्तासमोर मांडलं, पण पाहुण्यासाठी ते सूर्यास्तापर्यंत झाकून ठेवलं. आमच्याकडे आता तीच रीत आहे. अजान झाली की इद्रिसभाई खजूर तोंडात टाकतो आणि मग पानावर बसतो.

गेल्या वर्षीच्या पानाला तो आला तेव्हा उभ्यानेच फोन पुढे धरला. सुदानशेजारच्या देशातल्या एका छावणीतून निरोप आला होता, आवाजातला. मागे कुठेतरी तान्हं मूल रडत होतं आणि एक जाडसर बायकी आवाज घाईघाईने बोलत होता. दोन वर्षांनी भावाशी पहिल्यांदा बोलणारी बहीण. मी समजले, आपलं दुखणंखुपणं सांगत असेल, घराचं सांगत असेल. इद्रिसभाईने ऐकवून संपवलं आणि मराठीत सांगितलं. फोन, नंबर सगळं पळताना गेलं, म्हणून तिला तेव्हापासून काही कळलंच नव्हतं. त्यामुळे पहिलं वाक्य एवढंच होतं: “तो साखरवाला आपल्या बहिणीकडे पोचला का?”

दोन वर्षं मी इकडे तिचं नाव घेत होते आणि मोठं काही करतेय असं मला वाटत होतं. तिकडे ती, माझ्या भावाचं नावही नीट घेता येत नसताना, त्याची काळजी उराशी धरून बसली होती. मी सांगलीला फोन लावून दादाला तो निरोप ऐकवला.  तो म्हणाला, परत एकदा लाव.

इद्रिसभाईने फोन माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाला, उत्तर तू दे, ती ऐकेल, मी नंतर समजावीन. पान वाढलेलं होतं, भात निवत होता. पुष्कळ काही सांगायचं मनात होतं. “पोचला,” एवढंच मी म्हणाले.